पेडगांवचें पाणी आणि कान-मागूर

पेडगांव हें नांव उच्चारिलें कीं इतिहासाच्या वाचकापुढें भीमेच्या कांठचें पेडगांव उभें राहतें. बहादूरगडाचा तट, जुनीं देवालयें आणि १६८९ सालच्या त्या दुःखद दिवसांची आठवण यांमुळें त्या गांवास ग्रंथांत कायमचें स्थान मिळालें आहे. आज आम्ही ज्या पेडगांवाविषयीं लिहीत आहों, तें मात्र हें नव्हे. आमचें पेडगांव परभणी जिल्ह्यांतलें, मनमाडाहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें एक लहानसें स्थानक. त्याच्या नांवें लढाई नाहीं, तह नाहीं, किल्ला नाहीं. सभोंवतीं काळी कसदार जमीन आणि मृगापासून हस्तापर्यंत आभाळाकडे लागलेले डोळे, एवढीच त्याची मिरास. अशा गांवाचा आणि समुद्राच्या खाडींत राहणाऱ्या एका माशाचा संबंध जोडावयास आम्ही निघालों आहों, हें पाहून वाचकांस नवल वाटेल. पण हा संबंध ओढूनताणून आणलेला नाहीं. तो पाण्यानें जोडलेला आहे, आणि त्याचा इतिहास आमच्या ज्ञानाच्या व आमच्या अनास्थेच्याहि इतिहासाचा एक भाग आहे.

प्रथम पाण्याची वाट पाहूं. सरळ रेषेनें मोजलें तर पेडगांवास पश्चिम समुद्र जवळ आणि पूर्व समुद्र दूर. परंतु पाण्यास सरळ रेषेचें भान नसतें, त्यास उतार तेवढा ठाऊक. परभणी जिल्हा सारा गोदावरीच्या खोऱ्यांत मोडतो. दुधना पूर्णेस मिळते, पूर्णा गोदावरीस मिळते, आणि ती थोर नदी त्र्यंबकेश्वरापासून सुमारें १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरांत शिरते. म्हणून पेडगांवच्या शेतांत पडलेला पाऊस जो जमिनींत मुरत नाहीं, बाष्प होऊन उडत नाहीं किंवा बांधाआड अडत नाहीं, तो अखेर काकिनाड्याजवळच्या खारफुटीच्या रानांत पोहोंचतो. तो एकटा जात नाहीं. ज्या काळ्या खडकाची झीज होऊन मराठवाड्याची काळी माती झाली, त्याच खडकाचा आणि मातीचा गाळ तो बरोबर नेतो. गोदावरीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश अशा गाळानेंच युगानुयुगें उभा केला आहे. त्या चिखलांत, ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या मुळांच्या जाळ्यांत, ज्याचें येथें वर्णन करावयाचें तो मासा राहतो.

मिशांच्या माशांचा गोत फार मोठा आहे. खवल्यांवांचून गुळगुळीत अंग, तोंडाभोंवतीं मिशा आणि परांच्या आरंभीं बळकट कांटा, हीं त्यांचीं ठळक लक्षणें. कोंकणांतला कोळी समुद्रांतल्या अशा माशास शिंगाळा म्हणतो, आणि देशावर नदींतल्या तशाच एका लहान माशास शिंगटी हें नांव आहे. सह्याद्रीच्या दोहों बाजूंच्या लोकांनीं, एकमेकांस न विचारतां, माशाच्या कांट्यासच शिंग मानिलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हात रक्तबंबाळ करणारी वस्तु मनुष्य आधीं ओळखतो आणि तिच्याच नांवानें माशास हांक मारितो.

या गोतांतली एक शाखा समुद्रकांठीं वसते. तिच्या माशांचा पुढचा भाग शिंगाळ्यासारखा आणि मागचा वामेसारखा असतो. पाठीवरचा दुसरा पर, शेपटीचा पर आणि पोटाखालचा पर हे तिन्ही एकमेकांत मिसळून एकच सलग झालर झालेली असते, आणि शरीर मागें निमुळतें होत जातें. म्हणून यांस आम्ही वामशेपट्ये मासे म्हणतों. तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या असतात. पाठीवरच्या पहिल्या परास एक व छातीच्या दोन परांस एकेक असे तीन दातेरी कांटे असून त्या तिहींस विष असतें. जाळें झाडतांना असला कांटा रुतला तर मोठा धट्टाकट्टा मनुष्यहि कळवळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यांत हात बुडवून ठेवणें हा यावरचा उपचार आजचे वैद्यहि सांगतात. शिवाय गुदद्वारापाशीं झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्याच्या द्वारें शरीरांतलें अधिक मीठ बाहेर टाकिलें जातें. ज्या गोताचे बहुतेक सोयरे गोड्या पाण्यांत राहिले, त्यांतल्या या शाखेस खारें पाणी मानवलें, त्यांत या अवयवाचा मोठा वांटा आहे.

आमच्या देशाच्या किनाऱ्यावर या शाखेच्या मुख्यत्वें तीन जाती सांपडतात. पहिली पट्टेदार, शास्त्रीय नांवानें प्लोटोसस लिनिएटस. हिची लांबी फार तर एक हात. अंग काळसर तपकिरी, त्यावर डोक्यापासून मागें जाणारे फिकट पट्टे. हिचीं पिलें शंभर-शंभरांच्या संख्येनें एकमेकांस चिकटून चेंडूसारखा घोळका करितात आणि तो सारा चेंडू समुद्राच्या तळावरून गडगडत चालल्यासारखा दिसतो. मिशांच्या माशांपैकीं प्रवाळाच्या खडकांत वस्ती करणारी अशी हीच काय ती प्रसिद्ध आहे. दुसरी जात प्लोटोसस कॅनियस. ही खाड्यांची, खारफुटीची आणि नदीमुखांची रहिवासी. पूर्ण वाढली तर मनुष्याच्या छातीइतकी लांब होते. ओडिशांतल्या चिलिका सरोवरांत आणि बंगालच्या नदीमुखांत ती धरिली जाते, आणि गोदावरीच्या मुखाकडचा खारा चिखल हें तिच्या वस्तीजोगें स्थान आहे. तिसरी जात प्लोटोसस लिंबॅटस. तिचें वर्णन फ्रेंच पंडित व्हॅलेन्सिएन यांनीं १८४० सालीं प्रसिद्ध केलें.

आतां या माशांस विद्वानांच्या पोथींत जागा कशी मिळाली, तें पाहूं. आपल्याकडे माशांविषयींचें लेखन नवें नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर हा ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य करीत होता. आजच्या परभणीचा मुलूख त्या काळीं याच घराण्याच्या सत्तेखालीं होता. या राजानें ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला, आणि त्यांत राजाच्या विनोदांचें वर्णन करितांना मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण घातलें. त्यांत समुद्रांतले व नद्यांतले मासे निरनिराळे सांगितले आहेत, खवल्यांचे आणि निव्वळ कातड्याचे असे भेद केले आहेत, आणि कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें हेंहि नोंदविलें आहे. मिशांचे मासे या भेदांप्रमाणें कातड्याच्या वर्गांत पडतात. राजाच्या करमणुकीकरितां कां होईना, माशांस अंगावरून आणि वस्तीवरून ओळखण्याची ही रीत शास्त्राच्या उंबरठ्यावरचीच होती. खेदाची गोष्ट ही कीं त्या उंबरठ्यावरून पुढचें पाऊल आमच्याकडे पडलें नाहीं. 'मानसोल्लासा'चा पहिला खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाला तो १९२५ सालीं. म्हणजे मध्यें आठशें वर्षें लोटलीं.

पुढचें पाऊल युरोपियनांनीं टाकिलें. लिनिअसचा शिष्य थुनबर्ग यानें १७८७ सालीं पट्टेदार जातीस शास्त्रीय नांव दिलें. १८०३ मध्यें लासेपेद या फ्रेंच पंडितानें 'पोहणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून प्लोटोसस ही संज्ञा प्रचारांत आणिली. त्याच १८०३ सालीं लंडनमध्यें पॅट्रिक रसेल या वैद्याचा विशाखापट्टणच्या दोनशें माशांचा चित्रग्रंथ निघाला. विशाखापट्टण म्हणजे गोदावरीच्या मुखापासून उत्तरेस थोडक्याच अंतरावरचें बंदर. रसेलनें आपल्या माशांस तेथील कोळ्यांचींच तेलगू नांवें जोडिलीं, ही त्याची मोठी सचोटी.

यापुढचा पुरुष फ्रान्सिस बुकॅनन, जो पुढें हॅमिल्टन या आडनांवानें ओळखला गेला. बंगालच्या मुलुखाची पाहणी १८०७ ते १८१४ पर्यंत त्यानें केली. पाहणीच्या कामांतच त्यानें गंगेच्या व तिच्या फांट्यांच्या माशांचीं वर्णनें लिहिलीं आणि देशी चितारी लावून चित्रें काढविलीं. विलायतेस परततांना तीं चित्रें त्यास नेऊं दिलीं नाहींत. गव्हर्नर जनरलानें तीं कलकत्त्यासच ठेवून घेतलीं. तथापि त्याचा ग्रंथ १८२२ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध झाला, आणि त्यांतच आमच्या खाडीच्या माशास कॅनियस हें नांव मिळालें. हा शब्द लॅटिन दिसतो खरा, पण तो मूळचा लॅटिन नव्हे. गंगेच्या मुखाकडचे बंगाली कोळी या माशास कान-मागूर म्हणत, त्या नांवावरूनच तो घडविला आहे. रोहिता, कतला, मागूर हीं सारीं त्या ग्रंथांतलीं शास्त्रीय नांवें अशींच कोळ्याच्या तोंडून पंडिताच्या लेखणींत उतरलीं आहेत. आज जगांतल्या कोणत्याहि संग्रहालयांत या माशाची चिठ्ठी लिहितांना परदेशस्थ पंडितास त्या निरक्षर बंगाली कोळ्याचा शब्द लिहावा लागतो.

मराठी नांवांसहि हें भाग्य लाभलें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. कर्नल साइक्स यांस मुंबई सरकारनें दख्खनच्या माहितीच्या संकलनाचें काम दिलें होतें. त्या निमित्तानें भीमा, मुळा-मुठा इत्यादि नद्यांचे मासे त्यांनीं पाहिले आणि त्यांवरचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें मांडिला. तो १८३९ पासून पुढें छापला गेला. त्यांत त्यांनीं नव्या जातींस जीं नांवें दिलीं, त्यांत सीन्ग्टी, कुतुर्नी, गोग्रा, इच्किया, टाक्री, गूंगवारी असे शब्द आहेत. शिंगटी आणि इचकी बोलणाऱ्या आमच्या भोयांचे ते शब्द इंग्रजी कानांनीं ऐकून लॅटिन वेषांत बसविलेले आहेत, हें सांगावयास नको. हे सर्व मिशांच्याच माशांचे शब्द आहेत. ज्या गोतांत बंगालनें कान-मागूर दिला, त्याच गोतांत महाराष्ट्रानें इतके शब्द दिले.

येथें पेडगांवाचा प्रश्न उभा राहतो. साइक्स यांचा अधिकार मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांपुरता. परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यांत. त्यामुळें भीमेच्या कांठचें पेडगांव साइक्स यांच्या कक्षेंत आलें आणि पूर्णेच्या खोऱ्यांतलें पेडगांव कक्षेबाहेर राहिलें. मासे त्याच गोतांतले, भाषा तीच मराठी, जाळें तेंच. पण शिपायाच्या चौकीच्या अलीकडचा शब्द शास्त्रांत गेला आणि पलीकडचा तोंडांतल्या तोंडांत राहिला.

गोदावरीच्या बाबतींत या राज्यसीमांनीं फार नुकसान केलें आहे. एके काळीं निजामाच्या सत्तेस पूर्व किनारा होता. १७६६ च्या तहानें उत्तर सरकार म्हणून ओळखला जाणारा तो किनारी प्रांत इंग्रजांकडे गेला आणि हैदराबादचें राज्य समुद्रापासून तुटलें. पुढें १८१८ नंतर नदीचा उगम मुंबई इलाख्यांत, मधला दीर्घ प्रवाह निजामाच्या राज्यांत आणि मुख मद्रास इलाख्यांत, अशी तिची त्रिधा वांटणी झाली. मुखाच्या एका फांट्यावर यानम येथें फ्रेंचांचें निशाण होतें तें वेगळेंच. गंगेस हॅमिल्टन भेटला. गोदावरीस उगमापासून मुखापर्यंत एकाच दृष्टीनें पाहणारा तसा पुरुष त्या काळीं भेटला नाहीं, याचें एक कारण आमच्या मतें हें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभास पेडगांवावरून आगगाडी धांवूं लागली. त्या रेल्वेचें नांवच हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असें होतें. खोऱ्याचें नांव लोखंडी रुळांस मिळालें, पण खोरें ही एक वस्तु आहे हा विचार त्या नांवाबरोबर लोकांच्या मनांत उतरला नाहीं.

डॉ. फ्रान्सिस डे यांनीं मात्र साऱ्या देशाच्या माशांवर दृष्टि टाकिली. मद्रासच्या लष्करी वैद्यखात्यांतले हे गृहस्थ पुढें हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचे मुख्य निरीक्षक झाले, आणि त्यांचा 'हिंदुस्थानचे मासे' हा प्रचंड ग्रंथ १८७५ ते १८७८ च्या दरम्यान निघाला. प्रत्येक जातीखालीं मिळतील तेवढीं देशी नांवें भाषावार देण्याची त्यांची पद्धति होती. नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळें माशांचें चढणें-उतरणें कसें अडतें, हाहि त्यांच्या चौकशीचा एक मोठा विषय होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखालीं १८५२ पर्यंत पुरा झाला होता. त्या बंधाऱ्यानें डेल्ट्यांतल्या लाखों एकरांस पाणी दिलें आणि दुष्काळानें गांजलेल्या जिल्ह्याचें रूप पालटलें. पण त्याच क्षणापासून नदीच्या अंगावर मनुष्याचा हात पडला, हेंहि तितकेंच खरें.

तो हात पुढें वरवर सरकत आमच्या दारापर्यंत आला. पूर्णेवर येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें; पैठणास जायकवाडीचें धरण १९७६ सालीं. या दोहोंच्या मध्यें १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. ज्यांनीं त्या वर्षीं खडी फोडून पोट भरिलें, त्यांच्यापुढें धरणाविरुद्ध बोलण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पाणी अडविल्यावांचून मराठवाड्यास जगतां आलें नसतें. परंतु धरणाच्या भिंतीआड पाण्याबरोबर गाळहि थांबतो. १९७० च्या दशकानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गोदावरीनें समुद्रास नेलेला गाळ निम्म्याहूनहि कमी झाला, आणि मुखाजवळचा किनारा कांहीं ठिकाणीं समुद्र कुरतडूं लागला, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. गोदावरीच्या पाण्याच्या वांटणीकरितां १९६९ सालीं लवाद नेमिला गेला आणि १९८० सालीं त्याचा अखेरचा निवाडा झाला. त्यांत प्रत्येक राज्याचा वांटा ठरला. गाळाचा वांटा ज्याच्याकडे जावयाचा, त्या किनाऱ्याचें आणि चिखलांतल्या रहिवाशांचें वकीलपत्र कोणींच घेतलें नव्हतें.

वस्ती बिघडली तर मासा दुसरीकडे जाईल, असें कोणी म्हणेल. यास उत्तर माशाच्या मिशांतच आहे. जपानच्या किनाऱ्यावर या शाखेची एक जात आहे. तिला २००८ सालीं स्वतंत्र नांव मिळालें. तिच्यावर केलेले प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. चिखलांतला किडा श्वास सोडतो, तेव्हां भोंवतालच्या पाण्याची आम्लता किंचित वाढते. तेवढा सूक्ष्म फरक हा मासा आपल्या मिशांनीं ओळखतो आणि काळोखांत भक्ष्य शोधतो. पण समुद्राच्या पाण्याची स्वाभाविक स्थिति असेल तोंवरच ही शक्ति तीक्ष्ण असते. एकंदर पाणीच थोडें आम्लतेकडे झुकलें तर ती झपाट्यानें मंदावते. आज धुराड्यांच्या धुरानें समुद्र त्याच दिशेस झुकत चालला आहे. ज्याचें ज्ञानेंद्रियच वस्तीशीं असें जुळलेलें आहे, त्यास बिऱ्हाड बदलणें सोपें नाहीं.

आणि जेथें या माशाचें बिऱ्हाड बदलतें, तेथें त्याचा पराक्रम यजमानास सोसत नाहीं. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा उघडला. तांबड्या समुद्रांतले कित्येक जीव त्या वाटेनें भूमध्य समुद्रांत शिरले. पट्टेदार वामशेपट्या २००१ सालीं इस्रायलच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तेथें त्याचे घोळकेच्या घोळके झाले, कोळ्यांचे हात जायबंदी होऊं लागले, आणि २०१९ सालीं युरोपीय संघानें त्यास उपद्रवी परक्यांच्या यादींत घातलें. एकच मासा, आपल्या घरीं तो चिखल आणि प्रवाळ यांच्या संसाराचा एक घटक, परघरीं तोच उपद्व्यापी. माशाच्या अंगीं गुण किंवा दोष नसतो. तो स्थानानें येतो, ही गोष्ट याहून स्पष्ट कोठें दिसावी?

या कुटुंबाचा विस्तार पाहिला तर हा विचार आणखी दृढ होतो. यांतल्या सुमारें चाळीस जातींपैकीं निम्म्याजवळपास जाती ऑस्ट्रेलिया आणि न्यूगिनी येथील गोड्या पाण्यांत राहतात. त्यांपैकीं एकीस मेजर मिचेल यानें १८३८ सालीं टँडॅनस हें नांव दिलें, तेंहि तेथल्या मूळच्या रहिवाशांच्या शब्दावरूनच. हा मासा नदीच्या तळीं खड्यांचें घरटें रचितो आणि नर अंड्यांवर पहारा करितो. बंगालचा कोळी, भीमेचा भोई, ऑस्ट्रेलियाचा वनवासी. ज्यांनीं पाण्यांत हात घालून कांटे सोसले, त्यांचे शब्द शास्त्रानें उचलले. शास्त्राची कीर्ति पंडितांस मिळाली, हें रीतीस धरूनच झालें. पण पाया कोणाच्या बोलीचा आहे, हें विसरतां कामा नये.

एवढ्या विवेचनावरून आमचें म्हणणें दोन गोष्टींपुरतें आहे. पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांच्या कांठीं अजून जे भोई मासे धरितात, त्यांच्या तोंडचीं नांवें परभणीकडच्या शाळामास्तरांनीं आणि महाविद्यालयांतल्या अध्यापकांनीं माशाच्या वर्णनासह लिहून काढावीं. साइक्स यांनीं जें काम भीमेवर केलें, तें पूर्णेवर पुरें करावयास आतां कोणत्याहि राज्याची सीमा आड येत नाहीं. १९४८ सालीं ती पुसली गेली. धरणांच्या पाण्यांत बाहेरून सोडलेले मासे वाढत आहेत आणि जुनीं नांवें जाणणारे वृद्ध कमी होत आहेत, म्हणून हें काम उद्यांवर टाकण्यासारखें नाहीं.

दुसरी गोष्ट भूगोलाच्या शिकवणीची. पेडगांवच्या मुलास आपल्या ओढ्याची वाट दुधनेपर्यंत किंवा पूर्णेपर्यंत सांगून थांबूं नये. ती खारफुटीच्या चिखलापर्यंत सांगावी, आणि तेथें राहणाऱ्या कान-मागुराचीहि ओळख करून द्यावी. शेताचा बांध फुटून माती वाहून गेली तर आपलें नुकसान होतें, हें त्या मुलास बापाच्या मुद्रेवरून कळतच असतें. पण नदीच्या वाटेनें जाणारा गाळ मुळींच न पोहोंचला तर शेंकडों कोसांवर दुसऱ्या कोणाचें घर खचतें, हें त्यास शिकविल्यावांचून कळणार नाहीं. माती धरून ठेवावी किती आणि नदीस द्यावी किती, पाणी अडवावें कोठें आणि सोडावें केव्हां, हे प्रश्न त्याच्याच पिढीपुढें येणार आहेत. ते सोडवितांना नदीच्या दोन्ही टोकांची ओळख असलेला मनुष्य पेडगांवांत असणें जरूर आहे.